इथे काय आहे बघण्यासारखं

समोरच्या बिल्डिंगमधले एक काका गच्चीच्या कठड्यापाशी आले आणि तिथूनच ओरडून म्हणाले, "अहो, काय चाललंय? आमच्या गच्चीचे फोटो कशाला काढताय?" मी ट्रायपॉड लावून बराच वेळ उभी होते. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि सकाळी हवा अशी धुऊन निघाली होती की लांबचा घड्याळाचा टॉवर अगदी जवळ आल्यासारखा वाटत होता, त्याचे काटेसुद्धा लेन्समधून वाचता येत होते. मी म्हटलं, "काका, टॉवरचा काढतेय, तुमची गच्ची मध्ये येते." त्यावर ते म्हणाले, "टॉवरचा काढा की, कोण नको म्हणतंय? पण आमची गच्ची कशाला त्यात? इथे काय आहे बघण्यासारखं?" एवढं बोलून त्यांनी स्वतःच एकदा मागे वळून पाहिलं, म्हणजे खरंच काही आहे का ते बघावं तसं. काळी टाकी, टाकीच्या खाली शेवाळलेला ओला पट्टा, एक पाय नसलेली खुर्ची, दोरीवर निथळणारी चादर, आणि कधीच कोणी न उतरवलेली गंजकी अँटेना. मग ते जिन्याचं दार ओढून खाली निघून गेले, मीही कॅमेरा बंद केला, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

कारण खरं सांगायचं तर मला ती गच्चीच हवी होती. टॉवर होता म्हणून नजर त्या बाजूला गेली हे खरं, पण टॉवर नुसता काढला तर तो पोस्टकार्डावर असतो तसाच येतो, त्याचे तसे हजारो फोटो आधीच आहेत. टॉवर बांधतानाच तो लोकांनी मान वर करून बघावा म्हणून बांधलेला असतो, त्याच्या चारही बाजूंना नक्षी असते, टोकाला काहीतरी चमकणारं असतं, सगळ्या बाजूंनी तो तयार होऊन उभा असतो. छपराचं तसं नाही. छप्पर पाऊस आत येऊ नये म्हणून असतं, ते कसं दिसतंय याचा विचार बांधणाऱ्याने केलेला नसतो, राहणाऱ्याने तर नाहीच नाही. घराचा दर्शनी भाग रंगवतात, दारापुढे स्वच्छ ठेवतात, आणि जे टाकवत नाही पण घरातही नको असतं ते सगळं वर जातं. त्यामुळे वरून दिसणारं शहर हे कोणी दाखवायला काढलेलं शहर नसतं. मला ते फार जवळचं वाटतं. पण समोरच्या गच्चीवरून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून हे सगळं ओरडून सांगता येत नाही.

लहानपणी घरात एक फिल्मचा कॅमेरा होता, बाबांचा. एका रोलमध्ये छत्तीस फोटो आणि ते छत्तीस फोटो कुणाकुणाचे काढायचे हे आधीच ठरलेलं असायचं, वाढदिवस, पाहुणे, सहल. रोलच्या शेवटी एखाददुसरा फोटो उरला की बाबा मला म्हणायचे, घे, तुला काय काढायचं ते काढ, आणि मी पळत गच्चीवर जायचे. आई म्हणायची, अगं कुणातरी माणसाचा काढ ना, छपरांचे कसले फोटो काढतेस. रोल धुऊन आला की माझा फोटो सगळ्यांच्या मागे असायचा, त्यात खाली खूप सारी छपरं आणि वर काडीएवढा टॉवर. मला आठवतो तो मोठा, आभाळ अडवून उभा असलेला टॉवर आणि फोटोत ही काडी, असं कसं झालं हे मला कळायचं नाही आणि दर वेळी वाईट वाटायचं. आता ते फोटो अल्बममधून काढून बघते तेव्हा काडीकडे लक्षच जात नाही. खालची छपरं बघत बसते. एका पत्र्यावर कोणीतरी वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवलेत, सायकलचं टायर ठेवलंय. एका गच्चीवर कुंड्या आहेत, ते घर आता नाही. अँटेनांचे सांगाडे सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे आहेत, प्रक्षेपण जिथून यायचं तिकडे. ही दिशा आता शहरात फारशी कुठे दिसत नाही, डिश आल्या तेव्हा सगळ्यांनी उपग्रहाकडे तोंड वळवलं आणि आता तर त्याही रिकाम्याच उभ्या आहेत बऱ्याच ठिकाणी.

पुढे कधीतरी जगातला सगळ्यात जुना, कॅमेऱ्याने काढलेला आणि अजून टिकून असलेला फोटो कुठला हे शोधताना मी खुर्चीतून उठले होते अक्षरशः. फ्रान्समध्ये निसेफोर नीएप्स नावाच्या माणसाने १८२६ किंवा १८२७ मध्ये आपल्या घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीत कॅमेरा ठेवून तो काढला, आणि त्यात काय आहे? छपरं! एका बाजूला कबुतरखान्याचा मनोऱ्यासारखा भाग, मधे कोठाराचं उतरतं छप्पर, एक धुरांडं, एका झाडाचा आकार. बस. कथलाच्या मिश्रधातूच्या प्लेटवर त्याने डांबराचा एक प्रकार फासला होता, उजेड पडेल तिथे ते डांबर कडक होतं आणि बाकीचं लॅव्हेंडरच्या तेलाने धुऊन काढता येतं. एक्सपोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू द्यायचा वेळ, आठ तासांचं असावं असं बरीच वर्षं सांगत आले, नंतरच्या अभ्यासकांच्या मते ते कित्येक दिवसांचंही असू शकेल. त्यामुळे फोटोत ऊन दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पडलंय, सकाळचंही आहे आणि संध्याकाळचंही. ती प्लेट १८९८ च्या एका प्रदर्शनानंतर कुठे गेली कळेना, मग १९५२ मध्ये लंडनला एका ट्रंकेत सापडली, आता टेक्सास विद्यापीठात आहे. मी तिचा छापील फोटो बघते तेव्हा मला त्यातला इतिहास वगैरे नंतर आठवतो. आधी एवढंच वाटतं की या माणसानेही खिडकीतून दिसणारं आपल्या घराचं मागचं अंगण आणि छपरंच काढली.

अर्थात त्याला दुसरं काही काढता आलंही नसतं हेही खरं. छपरं हलत नाहीत.

१८३८ मध्ये दागेर नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो काढला तेव्हा रस्ता गजबजलेला असणार, गाड्या, घोडे, माणसं, पण एक्सपोजर काही मिनिटांचं असल्यामुळे जे जे चालत होतं ते सगळं पुसलं गेलं आणि उरला फक्त एक माणूस, जो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा राहिला होता. या फोटोची गोष्ट सांगताना सगळे त्या माणसाबद्दलच बोलतात, ते साहजिकच आहे, पण त्या फोटोत छपरं किती आहेत ते बघा एकदा, धुराडी, पोटमाळ्याच्या खिडक्या, एकेक कौल मोजता येईल असं. आणि मग पाच वर्षांनी, १८४३ मध्ये, इंग्लंडहून आलेला टाल्बट नावाचा फोटोग्राफर तिथेच पॅरिसमध्ये हॉटेलच्या वरच्या खिडकीतून रस्त्याचा फोटो काढतो आणि त्याबद्दल लिहितो की क्षितिजावर धुराड्यांचं अख्खं जंगल आलंय, कारण हे यंत्र जे समोर दिसेल ते नोंदवतं, अपोलो या ग्रीक देवाचा पुतळा असो की धुराडं, त्याला दोन्ही सारखेच. मी हे वाचलं तेव्हा मला त्या काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं. बघण्यासारखं काय आणि नाही काय हे आपण ठरवतो, कॅमेरा ठरवत नाही. काढणारा धुराडं काढायला गेलेलाच नव्हता. ते आपोआप आलं, आणि आज तो फोटो बघताना सगळ्यात आधी आपण त्या धुराड्यांपाशीच थांबतो.

टॉवरचा फोटो काढायला सुद्धा छप्परच लागतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. रस्त्यावर उभं राहून कॅमेरा वर केला की टॉवर मागे पडतोय असं दिसतं, त्याच्या दोन्ही कडा वर जाऊन एकमेकींना भेटायला लागतात, कारण कॅमेरा तिरका झाला की आतलं सेन्सर पण तिरकं होतं आणि उभ्या रेषा उभ्या राहत नाहीत. यावर महागड्या शिफ्ट लेन्स असतात, कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवायची, किंवा नंतर सॉफ्टवेअरमध्ये ओढून सरळ करता येतं, पण ओढलं की वरचा भाग ताणला जातो आणि कडेचं बरंच कापावं लागतं. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे टॉवरच्या निम्म्या उंचीवर कुठेतरी जाऊन उभं राहायचं. मग कॅमेरा वर नको की खाली नको, समोर धरायचा, रेषा आपोआप ताठ. आणि ही निम्मी उंची म्हणजे कोणाची तरी गच्ची असते, चौथा मजला, पाचवा मजला. म्हणून तर मी अशा गच्च्या शोधत फिरते, ओळखीच्या ओळखीतून, किल्ली कोणाकडे असते ते विचारत. आणि मग तिथे गेल्यावर लांबून काढायचं, झूमने. लोक म्हणतात झूम लेन्सने सगळं जवळजवळ चिकटल्यासारखं येतं, पण ते लेन्समुळे होत नाही, आपण लांब उभे असतो त्यामुळे होतं. लांबून बघितलं की पुढची गच्ची आणि मागचा टॉवर यांच्यातलं अंतर आपल्यापासूनच्या एकूण अंतराच्या मानाने फारच थोडं उरतं, म्हणून दोघं शेजारी येऊन बसतात. लहानपणीची काडी आणि आत्ताचा मोठा टॉवर यात एवढाच फरक आहे, तेव्हा मी रुंद लेन्सने सगळं आभाळ पकडायला बघत होते. चादर आणि घड्याळ एका फ्रेममध्ये, एकाच आकाराचे, हे मला पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी घरी येऊन कोणाशी फार बोलू शकले नव्हते.

आणि हवा. छपरांचे फोटो म्हणजे निम्मे हवेचेच फोटो असतात. अंतर वाढत जाईल तसा हवेतला धूर आणि बाष्प मधे येतं, लांबचं फिकट आणि निळसर होत जातं, एकामागे एक छपरांचे थर लागतात आणि प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पातळ. हे धुरकट दिसणं मला नेहमीच वाईट वाटत नाही, त्यामुळेच तर शहर खोल आहे हे कळतं, पण एका मर्यादेनंतर टॉवर नुसता डाग होऊन जातो. पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ हवी. दुपार तर नकोच, कारण दुपारी सिमेंट आणि पत्रे एवढे तापतात की त्यांच्यावरची हवा उकळल्यासारखी थरथरते आणि लांबचा टॉवर पाण्यात बुडवल्यासारखा वाकडातिकडा येतो, कितीही भारी लेन्स असली तरी. गच्चीला स्वतःचा एक वास असतो, ओल्या सिमेंटचा, कबुतरांच्या पिसांचा, तापलेल्या डांबराच्या थराचा, आणि एक आवाज असतो, पाण्याचा पंप चालू झाला की तो पायांतून वर येतो आधी आणि कानांना नंतर कळतो. ट्रायपॉडला तर तो सगळ्यात आधी कळतो. पंप बंद होईपर्यंत थांबावं लागतं, कोणी शेजारून चालत गेलं तरी थांबावं लागतं. मला हे थांबणं आवडतं. फोटो नंतर कसेही येवोत, पण थांबल्यामुळे एरवी कधीच बघितलं नसतं ते बघितलं जातं, कुठल्या गच्चीवर कोण किती वाजता येतं, कबुतरं कुठून उठतात आणि कुठे जाऊन बसतात.

रात्रीचं वेगळंच. सूर्य गेल्यावर आणि पूर्ण अंधार व्हायच्या आधी एक थोडासा वेळ असतो जेव्हा आभाळाचा उजेड आणि खिडक्यांचा उजेड बरोबरीचे होतात, त्याच्या आधी खिडक्या दिसत नाहीत आणि नंतर छपरं दिसत नाहीत. बेरेनिस ॲबट या अमेरिकन फोटोग्राफरने न्यूयॉर्कचा रात्रीचा जो प्रसिद्ध फोटो १९३०च्या दशकात काढला त्यामागचा विचार वाचून मी थक्क झाले होते. ऑफिसं पाच वाजता सुटायची, पाचनंतर दिवे बंद, म्हणजे पाचच्या आधी अंधार पडायला हवा, आणि असं वर्षातून फक्त डिसेंबरच्या सगळ्यात लहान दिवसांतच होतं. मग उंच इमारतीतली जागा मिळवायची, वाऱ्याने कॅमेरा हलू नये म्हणून खिडकीच्या आतून काढायचा, आणि एक्सपोजर पंधरा मिनिटांचं, म्हणजे एकच फोटो! त्या फोटोतली प्रत्येक खिडकी म्हणजे कोणीतरी अजून घरी न गेलेलं माणूस आहे, हे कळल्यानंतर मला तो फोटो नुसता सुंदर म्हणून बघताच येत नाही. आमच्या शहरातले रात्रीचे माझे जुने फोटो नारिंगी आहेत, सगळेच्या सगळे, कारण रस्त्यावर सोडियमचे दिवे होते आणि त्यांच्या उजेडात दुसरे रंग जवळजवळ नसतातच, लाल पत्रा आणि हिरवा पत्रा सारखाच दिसतो. आता एलईडी आले, रंग खरे यायला लागले, कोणती भिंत निळी आहे ते रात्रीपण कळतं. मला हे आवडायला हवं. पण कधी कधी तो नारिंगी उजेड खूप आठवतो, ढग खाली आले की अख्खं आभाळ त्या रंगाचं व्हायचं आणि टॉवर त्याच्यावर काळा उठून दिसायचा.

पुन्हा काकांच्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचा दुसरा अर्धा भाग मला जास्त बोचला होता. "आमची गच्ची कशाला त्यात?" टॉवर सगळ्यांचा, गच्ची कोणाची तरी. (टॉवर तरी सगळ्यांचा असतो का? आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो कोणीही कुठेही छापावा, पण त्याच्या रात्रीच्या रोषणाईवर कॉपीराइट आहे, ती धंद्यासाठी छापायची तर परवानगी लागते.) न्यूयॉर्कमध्ये एका फोटोग्राफरने आपल्या खिडकीतून समोरच्या काचेच्या इमारतीत राहणाऱ्या लोकांचे लांब लेन्सने फोटो काढले, चेहरे बहुतेक दिसू दिले नाहीत, आणि २०१३ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं. शेजारी कोर्टात गेले. २०१५ मध्ये वरच्या कोर्टानेही फोटोग्राफरच्याच बाजूने निकाल दिला, ही कला आहे म्हणून, पण निकाल देताना झालेल्या प्रकाराबद्दल नाराजीही दाखवली. मला तो निकाल कायद्याने बरोबर वाटतो आणि तरी तसे फोटो मी काढणार नाही. गच्चीवर माणूस का जातो? घरात जागा नसते म्हणून, फोनवर मोकळेपणाने बोलायला, रडायला, केस वाळवायला, नुसतं पडून राहायला. तिथे आपल्याला कोणी बघत नाही असं त्याला वाटत असतं आणि ते वाटणं त्याच्याकडून काढून घ्यायचा मला काही हक्क नाही. माणूस आला की मी कॅमेरा खाली घेते, तो बघो न बघो. माणसं नकोत अशातला भाग नाही, उलट गच्चीवरची प्रत्येक वस्तू माणसाचीच खूण असते. चादर पुरते.

म्हणून मी काकांकडे गेले. फोटो ते यायच्या आधीच निघाला होता, तो ठेवू का, हे विचारायला. प्रिंट करून नेला होता. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "चांगला आलाय, पण टॉवर अजून मोठा घ्यायला पाहिजे होता." काकू आतून हात पुसत आल्या, त्यांनी टॉवरकडे बघितलंच नाही, एकदम म्हणाल्या, "अहो, ही खुर्ची अजून वरच आहे? मला वाटलं तुम्ही कधीच भंगारात दिली." मग त्या खुर्चीवर कोण बसायचं, ती कशी मोडली, यावर त्यांचं आपापसात जे सुरू झालं त्यात मी दहा मिनिटं नुसती उभी होते. ठेवा फोटो, काही हरकत नाही, असं काका जाताना म्हणाले. गच्चीत बघण्यासारखं काय आहे हे त्यांना पटलं असं मला अजिबात वाटलं नाही.

ज्यांना पटलं असेल त्यांना ते बहुतेक वेळा उशिराच पटतं. एडवर्ड मायब्रिज, ज्याचे धावत्या घोड्याचे फोटो सगळ्यांना माहीत असतात, त्याने त्याच वर्षी, १८७८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकडीवरच्या एका श्रीमंताच्या घराच्या बुरुजावरून चारी दिशांचं शहर तेरा फोटोंत काढलं, जोडून ठेवलं तर जवळपास पाच मीटर लांब. तेव्हा ते बघून लोकांनी आपापलं घर शोधलं असेल, दुसरं काय करणार. एप्रिल १९०६ मध्ये भूकंप झाला, मग आग, आणि त्या फोटोतलं बहुतेक सगळं गेलं, जिथून फोटो काढला तो बंगलासुद्धा. काही आठवड्यांनी जॉर्ज लॉरेन्स नावाच्या फोटोग्राफरने पतंगांच्या माळेला प्रचंड कॅमेरा बांधून वरून त्याच शहराचा फोटो काढला, त्यात रस्त्यांच्या रेषा तशाच आहेत आणि मधे छप्पर म्हणून फारसं काही नाही. हे दोन फोटो शेजारी ठेवून बघवत नाहीत. दिल्लीचंही तसंच, फेलिचे बिआतो या फोटोग्राफरने १८५८ मध्ये जामा मशिदीवरून शहराचा पॅनोरमा काढला, आणि १८५७ च्या उठावानंतरच्या त्या वर्षांत इंग्रजांनी लाल किल्ल्याभोवतीची वस्ती पाडून मोकळं मैदान करून टाकलं. उंच वास्तू परत उभ्या करतात लोक, व्हेनिसचा घंटेचा मनोरा १४ जुलै १९०२ ला कोसळला तर तो होता तसा, होता तिथे, १९१२ पर्यंत बांधून काढला. त्याच्या कोसळतानाचा म्हणून जो फोटो फिरतो तो मात्र बनवलेला आहे, लोकांना तो क्षण इतका हवा होता. पण एखाद्या साध्या घराचं छप्पर गेलं तर ते होतं तसं परत कोण बांधेल? ते कसं होतं हेच कोणाला माहीत नसतं. ते कोणाच्या तरी फोटोत मागे, चुकून आलेलं असेल तरच.

एक गोष्ट मला मनापासून बरी वाटली होती ती इथे सांगते. पॅरिसची ती राखाडी छपरं जस्ताच्या पत्र्याची आहेत आणि ते पत्रे वाकवून, दुमडून बसवणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे छपरांवर जाणाऱ्या, उतारावर गुडघे टेकून काम करणाऱ्या माणसांना. कुठल्याही शहराची छपरं सगळ्यात जास्त त्यांनीच बघितलेली असतात, गळती काढणारे, टाक्या धुणारे, डांबर ओतणारे, केबल ओढणारे. गच्चीवर टाकी धुवायला आलेल्या एका मुलाने मला एकदा सांगितलं होतं की घड्याळाच्या टॉवरच्या मागच्या बाजूचं घड्याळ वेळेने पुढे असतं, समोरचं मागे, ते दोन्ही एका वेळी फक्त अमुक एका बिल्डिंगच्या टाकीवरून, टॉवरच्या पलीकडच्या काचेत बघितलं तरच दिसतात. त्याने ते बघितलं होतं.

आणि आता सध्या माझं एका मित्राशी वाजलंय. त्याला त्याच्या नव्या घराच्या भिंतीवर आपल्या शहराचा मोठा फोटो लावायचाय, त्याने माझ्या फोटोंतला टॉवरचाच एक निवडला, संध्याकाळचा, मागे ढग. सगळं छान, फक्त म्हणाला पुढची ती टाकी आणि वायरी काढून टाक ना. मी नाही म्हटलं. तर त्याने स्वतःच फोनवर त्यांच्याभोवती बोटाने गोल काढला आणि दोन सेकंदांत टाकी गेली, वायरी गेल्या, त्या जागी आभाळ आलं आणि टाकीच्या खाली विटांची भिंत आली, जी तिथे नाहीये. भिंत अगदी खरी दिसत होती, सावली पण बरोबर पडली होती. मला ते बघून जे झालं ते राग म्हणण्यापेक्षा धसका म्हणावा असं होतं. टाल्बटच्या हातात हे बटण असतं तर त्याने धुराड्यांचं जंगल ठेवलं असतं का? मी मित्राला म्हटलं, तुला शहराचा फोटो हवाय ना, मग टाकी त्यातच आहे, त्या टाकीचं पाणी पिऊन कोणीतरी मोठं झालंय. तो म्हणाला, भिंतीवर लावायचाय गं, रोज बघायचाय, जरा प्रसन्न नको का दिसायला? त्याचंही चूक आहे असं मला पूर्णपणे म्हणता येत नाही, त्याच्या घरात रोज तो राहणार आहे, मी नाही. पण फोटोखाली माझं नाव असेल आणि ती भिंत मी कधी बघितलेली नाही. मी सुचवलंय की मी पुन्हा त्या गच्चीवर जाते, दोन पावलं डावीकडे सरकून टाकी फ्रेमच्या बाहेर जाते का बघते, जाईल बहुधा, मग वायरी मात्र राहतील. तो म्हणतोय वायरी चालतील, पण डिश नको. डिश तर डावीकडेच आहे.